सातभाईंच्या थव्यापासून जनुकांपर्यंत : प्रस्तावना

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातकाची कथा रंगवलेली आहे. वानरांचा कळप धनुर्धाऱ्यांच्या तावडीत सापडतो आणि त्यांचा नायक नदीवर स्वतःच्या देहाचा पूल करून सगळ्यांना पलीकडे उतरवतो. हे चित्र पाचव्या शतकातले. त्याच लेण्यांच्या पायथ्याशी, वाघूर नदीच्या घळीत, आजही वानरांचे कळप राहतात. या जातीत आई आपले तान्हे पिल्लू दुसऱ्या मादीच्या कुशीत सोपवून निर्धास्त पाला खायला जाते. बिबट्याची चाहूल लागली की एखादा वानर खाकरून साऱ्या रानाला सावध करतो. आणि याच जातीतला बाहेरून आलेला नर कळपाचा ताबा घेतल्यावर आधीच्या नराची दूधपिती पिल्ले मारून टाकतो, हेही अभ्यासकांनी पाहिले आहे. एकाच प्राण्यात एवढी माया आणि एवढे क्रौर्य कसे नांदते, हा या पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे.

त्यासाठी खानदेशातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. तापी, गिरणा, पांझरेच्या काठी कुठल्याही बांधावर सातभाईंचा थवा पाचोळा उलटत कलकलाट करताना दिसतो. त्यातला एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो, बाकीचे खातात. आणि घरट्यातल्या पिल्लांना आईबापांखेरीज थव्यातले इतरही भरवतात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबकळतात. पावसाळ्याच्या तोंडावर कावळा कोकिळेचे पिल्लू पोसतो. घराच्या वळचणीला गांधीलमाश्यांचे पोळे असते आणि त्यातल्या बहुतेक माश्या जन्मभर दुसरीची पिल्ले वाढवतात. हे सारे आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. ते तसे का आहे, याचे उत्तर मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांतच नीट हाती येऊ लागले. ते उत्तर मराठी वाचकापर्यंत, त्याच्याच परिसरातली उदाहरणे घेऊन पोचावे, यासाठी हे पुस्तक आहे.

या प्रश्नाची अडचण सर्वांत आधी ज्याला जाणवली, तो खुद्द चार्ल्स डार्विन. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा: सजीवांमध्ये फरक असतात, त्यातले काही वारशाने पुढे जातात, आणि जगायला व प्रजा वाढवायला जे गुण उपयोगी पडतात ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातात. मग मुंग्या आणि मधमाश्यांच्या वसाहतीतल्या कामकरी माद्या कशा टिकल्या? त्या स्वतः वंश वाढवत नाहीत, मग त्यांची कष्टाळू वृत्ती वारशाने पुढे जाते कशी? १८५९ च्या ग्रंथात डार्विनने ही आपल्या सिद्धांतापुढची खास अडचण असल्याचे मोकळेपणाने मांडले आणि ही नैसर्गिक निवड कुटुंबालाही लागू पडू शकते, असे उत्तर सुचवले. दिशा बरोबर होती, पण वारसा कोणत्या मार्गाने चालतो हे त्याला ठाऊक नव्हते. तो मार्ग दाखवणारे मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ साली छापले गेले आणि १९०० पर्यंत त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. दरम्यान रशियन विचारवंत क्रोपोटकिन याने सैबेरियातल्या निरीक्षणांच्या आधारे १९०२ साली परस्पर साहाय्यावर पुस्तक लिहिले आणि निसर्ग म्हणजे नुसती झुंज, या समजाला आव्हान दिले.

पुढे बराच काळ एक सोपे उत्तर चालत राहिले: प्राणी जे करतात ते जातीच्या भल्यासाठी करतात. आपल्याकडच्या शाळेतही ते अजून ऐकू येते. १९६२ साली विन-एडवर्ड्‌स या अभ्यासकाने त्याला मोठ्या ग्रंथाचे रूप दिले. अन्न कमी पडू नये म्हणून पक्षी स्वतःहून कमी अंडी घालतात, असा त्याचा सूर होता. १९६६ साली जॉर्ज विल्यम्सने त्यातली खोट दाखवली. सातभाईंच्या थव्यात एक पक्षी जातीसाठी उपाशी राहून पहारा देतो आणि दुसरा तेवढा वेळ खात बसतो असे समजा. दुसऱ्याची पिल्ले अधिक जगतील, त्याची वृत्ती पुढच्या पिढीत वाढेल आणि थोड्याच पिढ्यांत जातीसाठी झिजणारा उरणार नाही. तेव्हा गटाच्या भल्याचे कारण सांगण्याआधी, फुकट्यांच्या गर्दीत ती वृत्ती टिकली कशी, हे सांगावे लागते. या विषयातला प्रत्येक विचार या एका कसोटीवर घासून पाहिला जातो.

कसोटीला उतरलेले पहिले मोठे उत्तर नात्याचे आहे. जे. बी. एस. हॅल्डेन हे लोकसंख्येतल्या जनुकांचे गणित मांडणाऱ्यांपैकी एक. दोन सख्खे भाऊ किंवा आठ चुलतभाऊ वाचणार असतील तर आपण जीव द्यायला तयार आहोत, असे ते म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. सख्ख्या भावंडांत निम्मी जनुके वंशपरंपरेने सामाईक असतात, चुलतभावांत एक अष्टमांश. त्यावरून हा आकडा येतो. हॅल्डेन १९५७ साली ब्रिटन सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्याच वर्षी डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या तरुण ब्रिटिश अभ्यासकाने दोन लेखांत हे गणित पूर्ण केले. दुसऱ्याला होणाऱ्या फायद्याला नात्याच्या अंशाने गुणा. तो गुणाकार स्वतःच्या तोट्यापेक्षा मोठा असेल, तर मदत करायला लावणारे जनुक पसरत जाईल. आप्तनिवड म्हणतात ती हीच. रिचर्ड डॉकिन्सने १९७६ साली स्वार्थी जनुकाची कल्पना मांडून हा विचार सामान्य वाचकापर्यंत नेला. जनुकाला मन नसते, हेतू नसतो. जे जनुक स्वतःच्या प्रती वाढवते तेच पुढे दिसते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. म्हणूनच ‘स्वार्थी’ जनुकांनी घडवलेला प्राणी स्वतः उदार असू शकतो. या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असे विचारले, तर मी हीच सांगेन.

हे गणित भारतात, आणि त्यातही आपल्या ओळखीच्या गांधीलमाशीवर, फार बारकाईने तपासले गेले आहे. माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांनी १९७४ साली ‘करंट सायन्स’मध्ये ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या गांधीलमाशीतल्या कामविभागणीवर टिपण प्रसिद्ध केले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी या एका माशीवर कित्येक दशके काम केले. ते नेमके कसे चालते, हे जरा जवळून पाहू. कागदासारख्या पोळ्यावर वीस-तीस माद्या आहेत. त्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन प्रत्येकीची ओळख पक्की केलेली आहे. अंडी एकटी राणी घालते, पण ती दांडगी नाही. उलट पोळ्यावरच्या शांत माद्यांपैकी एक. आता राणीला बाजूला काढा. काही मिनिटांतच कामकऱ्यांपैकी एक मादी एकाएकी आक्रमक होते, इतरांवर धावून जाते आणि बाकीच्या तिला निमूटपणे वाट देतात. राणी परत आणली नाही तर साधारण आठवड्याभरात हीच मादी अंडी घालू लागते आणि पुन्हा पहिल्या राणीसारखी शांत होते. वारस कोण होणार, हे निरीक्षकाला आधी ओळखता येत नाही. माश्यांमध्ये मात्र ते ठरलेले असल्याची लक्षणे दिसतात.

या प्रयोगांतून दोन गोष्टी निघाल्या. इथली कामकरी मादी कायमची वांझ नसते. ती राणी होऊ शकते, एकटीने नवे पोळेही सुरू करू शकते, तरी बऱ्याच माद्या दुसरीच्या पोळ्यावर राबतात. आणि राणी अनेक नरांशी संग करत असल्याने, शिवाय राण्या बदलत असल्याने, पोळ्यावरचे नाते अपेक्षेपेक्षा पातळ असते. म्हणजे नुसत्या नात्याने उत्तर पुरे होत नाही. गदगकरांनी लक्ष वेधले ते फायद्या-तोट्याच्या बाजूकडे. एकटी मादी मध्येच मेली तर तिची सगळी पिल्ले जातात. भरल्या पोळ्यावरची मेली तर तिने केलेले काम दुसरी पुढे नेते आणि तिची मेहनत वाया जात नाही. हॅमिल्टनच्या सूत्रात नाते, फायदा आणि तोटा अशा तीन राशी आहेत. फक्त नात्याकडे पाहणारे नवखे अभ्यासक इथेच चुकतात.

मधमाश्यांकडे पाहिले की सहकार्याच्या पोटातला संघर्षही दिसतो. सातपुड्याच्या कड्यांवर आणि अजिंठ्याच्या लेण्यांवर लटकणारी आग्यामोहोळे एकजिनसी वाटतात. गांधील जवळ आली की हजारो माश्या पोटे उचलून लाट उठवतात. पण मधमाश्यांतल्या कामकरी माशीलाही फलन न झालेले अंडे घालता येते आणि त्यातून नर जन्मतो. मग प्रत्येकीने आपापला नर का वाढवू नये? राणी अनेक नरांशी संग करते, त्यामुळे मोहोळातल्या बहुतेक बहिणी सावत्र असतात. सावत्र बहिणीच्या मुलाशी कामकरी माशीचे नाते एक अष्टमांश, तर राणीच्या मुलाशी, म्हणजे भावाशी, एक चतुर्थांश. म्हणून दुसरीने चोरून घातलेले अंडे इतर कामकरी शोधून खाऊन टाकतात. १९८९ साली रॅटनिक्स आणि व्हिशर यांनी मधमाश्यांत हे दाखवून दिले. मोहोळाची एकी आपोआप आलेली नाही. ती परस्परांवरच्या पाळतीने टिकते.

वानरांच्या कहाणीत आपल्या शेजारच्या धारवाडला मानाचे स्थान आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी तिथल्या जंगलात सत्तापालटानंतर झालेली पिल्लांची हत्या नोंदवली आणि १९६५ साली प्रसिद्ध केली. बऱ्याच अभ्यासकांना ती गर्दीमुळे उपजलेली विकृती वाटली. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करून वेगळा अर्थ लावला: दूध पाजणारी मादी लवकर गाभण राहत नाही, पिल्लू गेले की ती पुन्हा माजावर येते, आणि नव्या नराचा कळपातला काळ मोजका असतो. बारीक निरीक्षणामुळे माद्यांची बाजूही उजेडात आली. त्या एकजुटीने पिल्लांची राखण करतात, वयस्क माद्या त्यात पुढे असतात. वाद पुढे तीन दशके चालला. १९९९ साली नेपाळातल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीतून, हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे दिसून आले. मराठी वाचकाला हे जग अनोळखी नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी वानरांच्या कळपांवरच उभी आहे आणि तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याने जिथे पोचवले, तिथून पुढे विज्ञान हाताशी धरून चालायचे आहे.

नर आणि मादी यांच्यातले सहकार्यही असेच ताणलेले असते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी सुगरणीच्या खोप्यात आईची माया पाहिली आणि तो खोपा मराठी मनात कायमचा राहिला. सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण करून १९३१ साली जो लेख लिहिला, त्यातून खोप्याची दुसरी बाजू कळली. विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पारख करते, पसंत पडला तरच मुक्काम करते. नर खोप्याची नळी पुरी करतो आणि शेजारी दुसरा खोपा विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे हे बहुतांशी मादीकडे राहते. कवितेतली आई त्यामुळे जराही खोटी ठरत नाही. पिल्लात जीव गुंतलेली खरोखर तीच असते. पिल्लांसाठी कोण किती खर्च करतो यावर जोडीदार निवडण्याची रीत ठरते, हा विचार रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी १९७२ साली मांडला. १९७४ साली त्यांनी आईबाप आणि पिल्लू यांच्यातही हितांचा झगडा असतो, हे दाखवले.

सहकार्य असेल तिथे लबाडीला वाव मिळतो. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याशी मिळतेजुळते असते आणि तिचे पिल्लू लवकर बाहेर येते. ‘पेर्ते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला जागवणारा पावशा आणि पावसाबरोबर येणारा चातक, दोघेही सातभाईंच्या घरट्यात आपली निळी अंडी घालतात. सातभाईंची अंडीही निळीच. ज्या भरवण्याच्या वृत्तीवर थवा चालतो, तिचाच हे परके पक्षी फायदा घेतात. यजमानाने ओळखायला शिकावे, पाहुण्याने अधिक हुबेहूब नक्कल करावी, अशी ही चढाओढ हजारो पिढ्या चालते. आपल्या उंबरात त्याउलट घडते. उंबराचे परागीभवन एक इवलीशी माशी करते, त्या बदल्यात झाड तिच्या पिल्लांना काही फुले देते. आणि त्याच उंबरात परागीभवन न करता अंडी घालणाऱ्या इतर माश्याही शिरतात. मैत्री, व्यवहार आणि फसवणूक एका फळात एकत्र नांदतात.

नाते नसलेल्या प्राण्यांचे काय? १९७१ साली ट्रायव्हर्स यांनी परतफेडीचे तत्त्व मांडले. आपल्याकडे एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात: आज तुझे शेत, उद्या माझे. पहिल्याने आपले काम उरकून पाठ फिरवली तर पुढच्या हंगामात त्याच्याशी कोणी सावड करत नाही. प्राण्यांतही पुन्हा पुन्हा गाठ पडत असेल, ओळख राहत असेल आणि दगा लक्षात राहत असेल, तर परतफेडीचे सहकार्य टिकते. रक्तपिपासू वटवाघळे उपाशी सोबत्याला प्यालेले रक्त ओकून देतात आणि आधी कोणी दिले याला त्यात महत्त्व असते, हे विल्किन्सन यांनी १९८४ साली दाखवले. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली खेळांचे गणित जीवशास्त्रात आणले. सगळेच एक डावपेच खेळत असताना दुसऱ्या डावपेचाला शिरकाव करता येतो का, हा त्यांचा प्रश्न. १९८१ साली अ‍ॅक्सेलरॉड आणि हॅमिल्टन यांनी त्याच पद्धतीने परतफेडीची ताकद तपासली.

दिसणारे प्रत्येक सहकार्य मात्र खरे सहकार्य असतेच असे नाही. हिवाळ्यात दादरीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतांवर भोरड्यांचे प्रचंड थवे उतरतात. ससाणा आला की थवा आवळून गोळा होतो. हॅमिल्टन यांनी १९७१ साली दाखवले की, प्रत्येक जण शत्रू आणि आपल्यामध्ये दुसऱ्याला घेण्याचा प्रयत्न करत असेल, तरी असाच गोळा तयार होतो. सातभाईंच्या पहारेकऱ्याबद्दलही एकमत नाही. तो नातलगांना वाचवतो, असे एक मत. अरबी सातभाईंवर काम करणारे अमोट्झ झहावी म्हणत की, पहारा ही स्वतःची ताकद मिरवण्याची संधी आहे. आफ्रिकेतल्या मीरकॅटांमध्ये मात्र पोट भरलेला प्राणी पहाऱ्याला बसतो आणि त्यात त्याची स्वतःचीही सुरक्षा असते, असे १९९९ साली दिसून आले. कोणते मत कुठल्या जातीला लागू पडते, हे निरीक्षणानेच ठरते.

अशा वेळी निको टिनबर्गन यांनी १९६३ साली घालून दिलेले चार प्रश्न उपयोगी पडतात: वर्तन कशाने सुरू होते, आयुष्यात ते कसे घडत जाते, त्याचा उपयोग काय, आणि पूर्वजांपासून ते कसे आले. चारींची उत्तरे वेगवेगळी असतात आणि एकाने दुसरे खोटे पडत नाही. आई पिल्लाला मायेने जवळ घेते आणि जनुके टिकतात म्हणून जवळ घेते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. अशा प्रश्नांची उत्तरे शोधायला प्रयोग साधा असला तरी चालतो, हे पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेड्या राघूवर दाखवले. माणूस घरटे दिसेल अशा जागी उभा असेल तर राघू आत शिरायला कचरतो. तितक्याच अंतरावर, पण घरटे दिसणार नाही अशा जागी असेल, तर शिरतो. हे काम २००२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. त्याला लागली ती शिस्त, चिकाटी आणि नीट विचारलेला प्रश्न.

या क्षेत्रातले वाद झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९७५ साली ई. ओ. विल्सन यांनी सामाजिक वर्तनाच्या जीवशास्त्राचा महाग्रंथ लिहिला आणि शेवटच्या प्रकरणात माणसालाही त्यात ओढले. विल्सन यांच्याच हार्वर्ड विद्यापीठातल्या लेवाँटिन आणि गूल्ड यांनी कडाडून विरोध केला: प्रत्येक गुणाला उपयोगाची कथा जोडू नका, आणि समाजातली विषमता जनुकांच्या नावावर खपवू नका. २०१० साली विल्सन यांनीच नोवाक आणि टार्निटा यांच्यासह आप्तनिवडीचे गणित अपुरे असल्याचे मांडले, तेव्हा शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी एकत्र उत्तर दिले. गटांमधल्या स्पर्धेलाही निवडीत स्थान असते, हा विचार आता अधिक काटेकोर गणित घेऊन परतला आहे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंचे गणित एकाच उत्तराला येते. भांडण उरते ते कशावर भर द्यायचा याचे.

लेवाँटिन यांचा इशारा आपल्या समाजात तर सोन्याच्या मोलाचा आहे. अमक्याच्या रक्तातच ते आहे, तमक्याला ते जमायचे नाही, असे बोलणे आपल्याकडे शतकानुशतके चालले आणि त्याने अगणित माणसांची आयुष्ये नासली. त्या बोलण्याला या विज्ञानात काडीचाही आधार नाही. वानरनर पिल्ले मारतो यावरून माणसाने काय करावे, हे ठरत नाही. निसर्गात काय घडते हे विज्ञान सांगते. काय घडावे हे आपण ठरवायचे असते.

माणूस ते ठरवू शकतो याचा पुरावा धुळे जिल्ह्यातच आहे. पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली काही शतके फड पद्धतीने बागायत चालत आली. लाभाच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एक पीक, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने टंचाईही वाटली जाई. पाणी द्यायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. सामाईक साधने गावकरी स्वतः टिकवू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांतून मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नियम, देखरेख आणि चुकणाऱ्याला बेताची शिक्षा, ही त्यांनी सांगितलेली लक्षणे फडात स्पष्ट दिसतात. मोहोळ पाळतीने टिकते, फडही देखरेखीने टिकला; फरक एवढाच की फडाचे नियम माणसांनी बोलून केले आणि गरजेप्रमाणे बदलले.

हे सारे आज का वाचायचे, याचे उत्तर खानदेशच्या कपाशीत आहे. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ साली आले. ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई, ते शेताच्या कडेने पेरण्यासाठी. त्या आश्रय-ओळींवर वाढलेले बोंडअळीचे साधे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळले की पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. पण त्या ओळींचे नुकसान एकाच्या शेतात आणि फायदा साऱ्या शिवाराला. म्हणून बहुतेकांनी ते बियाणे पेरलेच नाही. २०१० साली गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत पहिल्या बीटीला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी असल्याचे जाहीर झाले आणि २०१७ साली महाराष्ट्रातल्या कपाशीची दैना झाली. अमेरिकेत आधी आश्रय-ओळी, पुढे वंध्य पतंग आणि एकत्रित मोहीम यांच्या जोरावर २०१८ साली ही अळी संपल्याचे जाहीर झाले. इथे उत्क्रांती आणि सहकार्य हे दोन्ही विषय एका बोंडात एकत्र आले आहेत. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे, न ठेवणे, हंगामापूर्वी लागवड न करणे, साऱ्या शिवारात एकाच वेळी कामगंध सापळे लावणे, हे उपाय सगळ्यांनी केले तरच लागू पडतात. एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. गावाने फडासारखा नियम केला तर सुटण्याची आशा आहे.

या पुस्तकाचा प्रयत्न मर्यादित आहे. जगभरचे सिद्धांत सांगताना ते शक्य तिथे आपल्या प्राण्यांवर तपासायचे. गणित टाळायचे नाही, पण बेरीज-गुणाकारापलीकडे न्यायचे नाही. जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू द्यायच्या. आणि माणसाविषयी बोलताना जपून बोलायचे. प्रकरणे क्रमाने वाचली तर विचार कसा वाढत गेला हे कळेल, पण आपल्या आवडीच्या प्राण्यापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. अहिराणी बोलणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाला पाखरांची जी माहिती असते ती पुष्कळदा पुस्तकी अभ्यासकाला नसते, हे ध्यानात ठेवूनच लेखन झाले आहे.

खानदेशातल्या प्राण्यांच्या वर्तनाच्या दीर्घकाळ, पद्धतशीर ठेवलेल्या नोंदींची आज गरज आहे. शाळा-महाविद्यालयातल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे: पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या शिवारातला सातभाईंचा एक थवा किंवा वळचणीचे एक पोळे निवडा, वर्षभर त्याची वही ठेवा, आणि कोण कोणाला भरवतो, कोण पहाऱ्याला बसतो, कोण फुकट खातो हे तारखेनिशी लिहा. अशा वह्या साठत गेल्या तर या विषयाचे पुढचे पुस्तक खानदेशातल्याच निरीक्षणांवर उभे राहू शकेल.